ऑक्साईड थर्मोइलेक्ट्रिकची पेलेट: पावडरपासून झेडटीपर्यंत, नवीन काम सुरू करणाऱ्यांसाठी

एमएससीचा प्रोजेक्ट असो नाहीतर पीएचडीचं पहिलं वर्ष, ऑक्साईड थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे तापमानाच्या फरकातून वीज देणारी ऑक्साईडं, हा विषय मिळाला की पोरं सगळ्यात आधी विचारतात, "डोपिंग कशाचं करू?" म्हणजे थोडं दुसरं मूलद्रव्य कोणतं मिसळू, बिस्मथ टाकू की सिल्व्हर, लँथेनम की यटर्बियम. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न काही महिन्यांनी विचारायचा आहे. आधी साधं, काहीही न मिसळलेलं ऑक्साईड असं बनवता आलं पाहिजे की पुन्हा पुन्हा बनवलं तरी डेन्सिटी, रेझिस्टिव्हिटी आणि सीबेक जवळपास तेच आले पाहिजेत, कारण ते जमलं नाही तर पुढे जो काही फरक दिसेल तो डोपिंगने पडला की भट्टीने पडला की प्रेस जरा जोरात दाबल्याने पडला, काहीच सांगता येणार नाही. सिरॅमिकमध्ये कंपोझिशन तेच राहून फक्त प्रोसेसिंग बदललं तरी आकडे कुठल्या कुठे जातात. म्हणून हा लेख प्रोसेसिंगवर आहे.

थिअरी कामापुरतीच सांगतो. मटेरियलचं एक टोक गरम आणि दुसरं थंड असलं की दोन टोकांमध्ये व्होल्टेज तयार होतं, थॉमस सीबेकने १८२१ मध्ये पाहिलेला हा इफेक्ट. एक डिग्रीच्या फरकाला किती मायक्रोव्होल्ट मिळतात तो सीबेक कोएफिशियंट. मटेरियल किती चांगलं हे झेडटी या आकड्याने मोजतात: सीबेकचा वर्ग, गुणिले इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी, गुणिले केल्विनमधलं तापमान, भागिले थर्मल कंडक्टिव्हिटी. वरचे दोन, म्हणजे सीबेकचा वर्ग आणि कंडक्टिव्हिटी, यांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टर म्हणतात. अडचण अशी की कॅरियर, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, वाढवले तर कंडक्टिव्हिटी वाढते पण सीबेक पडतो आणि इलेक्ट्रॉन उष्णताही वाहून नेतात, त्यामुळे एक ओढायला गेलं की दुसरं हातचं जातं.

बाजारात मिळणारे मॉड्यूल बहुतेक बिस्मथ टेल्युराईडचे असतात. ते खोलीच्या तापमानाजवळ उत्तम, पण त्याचा मेल्टिंग पॉईंटच ५८५ डिग्री आहे आणि त्याच्या कितीतरी आधी ते हवेत खराब होतं, शिवाय टेल्युरियम दुर्मीळ. ऑक्साईडची मजा इथे आहे, ते हवेतच जन्मलेलं असतं, ७००-८०० डिग्रीला उघड्या हवेत ठेवलं तरी बिघडत नाही. आधी लोक ऑक्साईडला या कामात धरतच नसत, पण १९९७ मध्ये जपानच्या इचिरो तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी सोडियम कोबाल्टाईटच्या सिंगल क्रिस्टलमध्ये खोलीच्या तापमानाला सुमारे १०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन सीबेक आणि तोही धातूसारख्या कमी रेझिस्टिव्हिटीसोबत दाखवला, तिथून चित्र बदललं.

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या पाहिल्या की वाटतंच, एवढी उष्णता वाया चालली, लावा की मॉड्यूल. पण आधी हिशोब करा. गरम बाजू ६०० डिग्री आणि थंड बाजू १०० डिग्री धरली आणि सरासरी झेडटी ०.२ असला तर एफिशियन्सी साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते, झेडटी १ झाला तर तेरा टक्क्यांच्या जवळ. हवेत बनवलेल्या साध्या पॉलिक्रिस्टल पेलेटचा, म्हणजे पावडर दाबून-भाजून केलेल्या असंख्य दाण्यांच्या चकतीचा, झेडटी आज ०.१ ते ०.३ मध्ये फिरतो. मधलं अंतर मोठं आहे, आणि त्यातला बराच भाग प्रोसेसिंगने भरून निघतो.

कोणतं मटेरियल घ्यायचं

पी-टाईपमध्ये (जिथे वीज धन कॅरियर वाहतात) कॅल्शियम कोबाल्टाईट, तीन कॅल्शियम, चार कोबाल्ट, नऊ ऑक्सिजनवालं. एन-टाईपमध्ये (जिथे इलेक्ट्रॉन वाहतात) तीन मुख्य: ॲल्युमिनियम टाकलेलं झिंक ऑक्साईड, कॅल्शियम मँगनाईट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट. नवीन माणसाने कॅल्शियम कोबाल्टाईटपासून सुरुवात करावी असं मी सांगतो, कारण साधी हवेतली मफल भट्टी पुरते, ९०० डिग्रीच्या वर जावं लागत नाही, आणि सिरॅमिकमधले जवळपास सगळे धडे याच एका मटेरियलमध्ये मिळतात. सोडियम कोबाल्टाईट पहिल्यांदा घेऊ नका, सोडियम भट्टीत उडतं आणि तयार पेलेट ओल धरते, नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारूच नका. स्ट्रॉन्शियम टायटनेट फार छान मटेरियल आहे पण त्याला १४०० डिग्रीच्या वर, तेही हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनमध्ये भाजावं लागतं, ट्यूब फर्नेस आणि गॅसची नीट सोय नसेल तर हात लावू नये.

कॅल्शियम मँगनाईटबद्दल आपल्याकडच्या लोकांना वेगळी आपुलकी असायला हवी. मॉईल या मँगनीज खाणींच्या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात, मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी जिल्ह्यातच, आणि भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साईड तर ड्राय बॅटरीसाठी वापरतात. पण म्हणून खाणीचा ओअर आणून थेट पेलेट करायची नाही बरं का, त्यातलं लोखंड आणि सिलिका सगळं बिघडवतात. पहिल्या कामाला ९९.९ टक्केवालंच केमिकल घ्या.

वजन: इथे घाई केली की सगळं गेलं

कॅल्शियम कोबाल्टाईटचं १० ग्रॅम बनवायचं तर कॅल्शियम कार्बोनेट ६.००६ ग्रॅम आणि कोबाल्ट ऑक्साईड, म्हणजे तीन कोबाल्ट-चार ऑक्सिजनवालं, ६.४२२ ग्रॅम. मॉलिक्युलर वजनं १००.०९, २४०.८० आणि तयार मालाचं ४९९.९६ धरून हे स्वतः एकदा वहीत करून पाहा, कॉपी करू नका. दोन्ही पावडरी आदल्या रात्री १५०-२०० डिग्रीला ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमध्ये गार करा आणि मगच तोला. एप्रिल-मे मध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की हे नाटक कशाला असं वाटतं, पण जूनमध्ये पाऊस लागला की तीच बाटली, तोच चमचा, आणि वजनात ओल मोजली जाते.

लँथेनम ऑक्साईड वापरणार असाल तर नुसतं वाळवून भागत नाही, ते हवेतून पाणी आणि कार्बन डायऑक्साईड दोन्ही पकडून बसतं, ९००-१००० डिग्रीला भाजून, कोमट असतानाच डेसिकेटरमध्ये टाकून लगेच तोलावं लागतं. मँगनीज डायऑक्साईडचंही तसंच, बाटलीवर जे लिहिलंय तेवढाच ऑक्सिजन आत असेल याची खात्री नसते, म्हणून हवेत ७००-८०० डिग्रीला भाजून त्याचं दोन मँगनीज-तीन ऑक्सिजनवालं ऑक्साईड करून घ्यायचं आणि मग तोलायचं. ही छोटी कामं कोणी पेपरमध्ये सविस्तर लिहीत नाही, पण पेलेटमध्ये दुसरा फेज, म्हणजे नको असलेलं वेगळं संयुग, निघाला की मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. कोबाल्ट ऑक्साईड श्वासात जाऊ देऊ नका, कोबाल्टची काही संयुगं कॅन्सरच्या दृष्टीने संशयित यादीत आहेत. एन-९५ मास्क, ग्लोव्हज, आणि तोलणं-घोटणं फ्यूम हूडमध्ये. मफलच्या खोलीत ४५ डिग्रीमध्ये मास्क नको वाटतो हे मान्य, तरी लावा. सांडलेली पावडर झाडूने उडवू नका, ओल्या टिश्यूने पुसा, आणि धुतलेलं पाणी बेसिनमध्ये सोडू नका, वेगळ्या कॅनमध्ये जमा करा.

मिक्सिंग आणि कॅल्सिनेशन

ॲगेट मॉर्टरमध्ये आयसोप्रोपाईल अल्कोहोल टाकून निदान तासभर घोटा, सोय असेल तर झिरकोनियाच्या गोळ्या टाकून बॉल मिल करा, रात्रभर. अल्कोहोल उडवताना उघडी ज्योत किंवा कॉईलवाली शेगडी नको, वॉटर बाथ किंवा बंद कॉईलची हॉट प्लेट, तीही हूडखाली.

मग कॅल्सिनेशन, म्हणजे पावडर भाजून हवं ते ऑक्साईड तयार करणं: ॲल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये सैल भरून ७५० ते ८५० डिग्रीला बारा तास, काढून पुन्हा घोटून पुन्हा बारा तास. दाबून भरू नका, कार्बन डायऑक्साईडला बाहेर पडायला वाट पाहिजे. आता एक सोपा चेक सांगतो जो फुकट आहे आणि कोणी करत नाही: क्रुसिबल रिकामं तोला, भरून तोला, आणि भट्टीतून निघाल्यावर तोला. सगळं कार्बोनेट फुटलं असेल तर १२.४२८ ग्रॅमचे १० ग्रॅमच्या आसपास झाले पाहिजेत, म्हणजे वजन साडेएकोणीस टक्के घटलं पाहिजे. घट १६-१७ टक्केच आली तर आत कार्बोनेट शिल्लक आहे, एक्सआरडीच्या (एक्स-रेने आत कोणतं संयुग आहे ते पाहण्याच्या) रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, पुन्हा घोटा, पुन्हा भाजा.

वजन जमलं की एक्सआरडी. स्कॅन ५ डिग्रीपासून सुरू करायला सांगा, कारण या मटेरियलचे थरांचे पीक खाली असतात, कॉपर सोर्सवर साधारण ८.२, १६.५ आणि २४.९ डिग्रीला, आणि नेहमीचा २० पासूनचा स्कॅन मागितला तर पहिले दोन्ही हातचे जातात. कॉपरच्या एक्स-रेने कोबाल्ट स्वतः फ्लुरोसेन्स करतो, त्यामुळे बॅकग्राऊंड उंच येतं, घाबरू नका, स्कॅन हळू ठेवा. ३६.८ च्या जवळ कोबाल्ट ऑक्साईडचा पीक उरलाय का तेवढं नीट पाहा.

पेलेट दाबणं

पावडर पुन्हा बारीक करून चाळून घ्या. दाणे धरून ठेवणारा पीव्हीए बाईंडर दोन-तीन टक्के, पाण्यात विरघळवून, थेंबाथेंबाने टाकून घोटा, वाळवा, पुन्हा चाळा. तेरा मिलिमीटरच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, दीड ग्रॅम पावडर घातली की साधारण साडेचार मिलिमीटर जाड पेलेट होते.

प्रेसच्या गेजवर टन लिहिलेले असतात आणि पेपरमध्ये मेगापास्कल, आणि नवीन लोकांची इथे हमखास गल्लत होते. तेरा मिलिमीटरच्या डायला ३ टन म्हणजे जवळपास २२० मेगापास्कल, दीड टन म्हणजे ११० च्या आसपास. तेच ३ टन वीस मिलिमीटरच्या डायला लावले तर प्रेशर शंभरच्याही खाली येतं. वहीत टनासोबत डायचा व्यास लिहिलाच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी त्या आकड्याला काही किंमत नाही. जास्त दाबलं की जास्त चांगलं असंही नसतं, प्रेशर फार झालं किंवा झटक्याने सोडलं की पेलेटची वरची चकती टोपीसारखी सुटून येते, किंवा आत आडवी चीर राहते जी भट्टीतून निघाल्यावरच दिसते. दाब हळू चढवा, एक-दोन मिनिटं धरा आणि सोडताना त्याहून हळू सोडा. जवळपास कोल्ड आयसोस्टॅटिक प्रेस असेल तर आधी हलकं दाबून मग त्यात टाका, डेन्सिटी सगळीकडून सारखी येते.

सिंटरिंग: खरी मेख

इथे थोडं थांबून समजून घ्या. सिंटरिंग म्हणजे दाबलेली पेलेट भाजून दाणे एकमेकांना जोडणं. सिरॅमिक घट्ट करायचं तर तापमान वाढवायचं, हा नेहमीचा नियम. कॅल्शियम कोबाल्टाईटला तो चालत नाही, कारण हवेत साधारण ९२६ डिग्रीला हा फेजच फुटतो, त्याचं दुसरं कॅल्शियम-कोबाल्ट ऑक्साईड आणि कोबाल्ट मोनोऑक्साईड होतं, आणि १०२६ च्या आसपास तेही फुटून चुना उरतो. म्हणजे वर जायला जागाच नाही. ९०० डिग्रीला चोवीस तास ठेवलं तरी नुसत्या सिंटरिंगने डेन्सिटी बऱ्याचदा थिअरीच्या ६० ते ७५ टक्क्यांतच अडकते.

म्हणून पहिलं काम, तुमच्या मफलचं खरं तापमान किती ते तपासा. डिस्प्लेवर ९०० आहे पण पेलेटच्या जागी कितीतरी वेगळं असू शकतं, मफलच्या दाराजवळ आणि मागच्या भिंतीजवळ फरक असतो. वेगळा थर्मोकपल पेलेटच्या शेजारी ठेवून एकदा मोजा आणि त्याच जागेवर नेहमी पेलेट ठेवा. फेज फुटायला २६ डिग्री बाकी असताना हा फरक परवडत नाही.

प्रोग्रॅम साधा ठेवा. मिनिटाला ३ डिग्रीने चढवा, ५०० ते ६०० मध्ये तासभर थांबा म्हणजे बाईंडर हळू जळून जाईल, मग ९०० ला चोवीस तास, आणि उतारही हळू. पेलेट थेट ॲल्युमिनावर ठेवू नका, त्याच पावडरीचा पातळ थर खाली पसरा, नाहीतर कोबाल्ट ॲल्युमिनात शिरून निळा डाग पडतो आणि तुमच्या पेलेटच्या खालच्या बाजूचं कंपोझिशन हलतं. आणि भट्टीच्या कंट्रोलरमध्ये लाईट गेल्यावर काय करायचं याची सेटिंग पाहून ठेवा. उन्हाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चला, परत आल्यावर काही कंट्रोलर प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करतात, काही तिथून पुढे चालू ठेवतात, काही बंदच राहतात, आणि सकाळी येऊन गार भट्टी पाहिली तर सोकिंग (ठरल्या तापमानाला थांबणं) पूर्ण झालं की नाही हे कळायला मार्ग नसतो. तापमानाचा लॉग काढणारा एखादा स्वस्त डेटा लॉगर लावलेला असला की हा प्रश्नच मिटतो.

निघालेली पेलेट व्हर्नियरने मोजा. समजा व्यास १२.६ मिलिमीटर, जाडी ४.२, वजन १.४८ ग्रॅम. घनफळ ०.५२४ घन सेंटिमीटर, डेन्सिटी २.८३, आणि थिअरीची डेन्सिटी ४.६८ च्या आसपास, म्हणजे ६० टक्के. इतक्या सच्छिद्र पेलेटला साधी आर्किमिडीज पद्धत लावू नका, पाणी भोकांत शिरतं आणि डेन्सिटी खोटीच चांगली दिसते, पाण्यात उकळून किंवा व्हॅक्यूममध्ये पूर्ण भिजवून तीन वजनं घेणार असाल तरच करा.

घट्ट कशी करायची, आणि दाणे कसे लोळवायचे

कॅल्शियम कोबाल्टाईटचे दाणे पोह्यासारखे चपटे असतात आणि वीज त्या चपट्या प्रतलातून सहज जाते, थर ओलांडून जायला फार त्रास. म्हणून इथे नुसती डेन्सिटी नको, सगळे दाणे एका दिशेने पडलेले पाहिजेत, याला टेक्श्चर म्हणतात. सुदैवाने दोन्ही गोष्टी एकाच युक्तीने होतात: गरम असताना वरून दाबायचं.

हॉट प्रेस असेल तर उत्तम. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग, म्हणजे एसपीएस, मिळालं तर आणखी छान, ग्रॅफाईटच्या डायमध्ये ८०० ते ९०० डिग्री, ५० मेगापास्कल, काही मिनिटं, आणि डेन्सिटी ९० च्या पुढे जाते. पण ग्रॅफाईट आणि व्हॅक्यूममुळे पेलेटमधला ऑक्सिजन कमी होतो, पृष्ठभागात कार्बन शिरतो. म्हणून बाहेर काढल्यावर आधी दोन्ही बाजू पॉलिश पेपरवर घासून ग्रॅफाईट पूर्ण काढा आणि मग हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये ७५० डिग्रीच्या वर बराच वेळ ॲनील करा, म्हणजे भाजत ठेवा. ॲनीलच्या आधी आणि नंतर रेझिस्टन्स मोजून ठेवा. जो फरक दिसेल तो पाहून ऑक्सिजन या मटेरियलमध्ये किती मोठा खेळाडू आहे हे आपोआप पटतं.

नागपुरात अशी मशीन हाताशी नसेल तरी अडून बसायचं कारण नाही. व्हीएनआयटीचा मेटलर्जी विभाग, अमरावती रोडवरच्या विद्यापीठ कॅम्पसमधला फिजिक्स विभाग, वाडीचं ॲल्युमिनियम संशोधन केंद्र जेएनएआरडीडीसी, इथे जाऊन काय आहे काय नाही ते आधी विचारा, आणि बाहेरच्या मशीनसाठी आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधून स्लॉट बुक करता येतो. काहीच नसेल तर थोडं सिल्व्हर टाकून पाहा, ते दाण्यांच्या सीमेवर बसतं आणि कंडक्टिव्हिटी सुधारायला मदत करतं, फक्त सिल्व्हर ९६२ डिग्रीला वितळतं आणि तुम्ही ९०० ला आहात हे डोक्यात ठेवा.

टेक्श्चर आलं की नाही हे एक्सआरडीच सांगतं. पावडरचा एक पॅटर्न आणि पेलेटच्या सपाट तोंडाचा एक पॅटर्न शेजारी ठेवा, तोंडावर ते थरांचे पीक पावडरपेक्षा बरेच उंच झाले असतील तर दाणे लोळले. लॉटगरिंग फॅक्टर, म्हणजे या पीकवरून दाणे किती लोळले ते सांगणारा आकडा, काढून द्या.

बाकी मटेरियलची दुखणी वेगळी आहेत, ती पटकन सांगतो. झिंक ऑक्साईडला डेन्सिटीचा त्रास फारसा नाही, १४०० डिग्रीला हवेत छान बसतं, १९९६ मध्ये मिचिताका ओहताकी यांच्या गटाने दोन टक्के ॲल्युमिनियम टाकून १००० डिग्रीला झेडटी ०.३ दाखवला. त्याचं दुखणं थर्मल कंडक्टिव्हिटी, खोलीच्या तापमानाला ४० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. ॲल्युमिनियमसोबत गॅलियम टाकून त्याच ओहताकींनी २००९ मध्ये ०.६५ पर्यंत नेलं. १० ग्रॅमच्या बॅचला ॲल्युमिनियम ऑक्साईड फक्त ०.१२६ ग्रॅम लागतं, त्यामुळे इथे मिक्सिंग हेच सगळं काम आहे, आणि न विरघळलेलं ॲल्युमिनियम झिंकसोबत स्पिनेल नावाचं वेगळं ऑक्साईड बनवून बसतं. कॅल्शियम मँगनाईटचं दुखणं गार होताना, वरच्या तापमानाला त्याची क्रिस्टल रचना बदलते आणि ऑक्सिजनही आत-बाहेर होतो, म्हणून मिनिटाला एक-दोन डिग्रीपेक्षा जोरात उतरवलं की केसासारख्या चिरा पडतात आणि रेझिस्टन्स उगाच मोठा दिसतो.

मोजणी: इथे सगळ्यात जास्त झेडटी खोटे पडतात

थर्मल कंडक्टिव्हिटीसाठी वापरतात त्या लेझर फ्लॅश मशीनला चकती लागते आणि ते मशीन उष्णता जाडीच्या दिशेने मोजते, म्हणजे प्रेसच्या दिशेने. सीबेक आणि रेझिस्टिव्हिटीसाठी लोक त्याच चकतीतून पट्टी कापतात, म्हणजे आडव्या प्रतलातून. आता दाणे लोळलेले असताना या दोन दिशा म्हणजे जणू दोन वेगळी मटेरियल्स. समजा ७२७ डिग्रीला, म्हणजे १००० केल्विनला, आडव्या दिशेत सीबेक १७० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आणि रेझिस्टिव्हिटी १० मिलिओहम-सेंटिमीटर आहे. पॉवर फॅक्टर ०.२९ मिलिवॅट प्रति मीटर-केल्विन-वर्ग. आडव्या दिशेची थर्मल कंडक्टिव्हिटी २ असेल तर झेडटी ०.१४५. पण प्रेसच्या दिशेची १.२ चुकून वापरली तर झेडटी ०.२४. काहीही न सुधारता आकडा दीडपटीच्या वर गेला! हे मुद्दाम कोणी करत नाही, सॅम्पलचा आकार असतो म्हणून होतं, पण रिझल्ट चुकीचाच. उपाय एकच, पेलेट उंच बनवा, दहा-बारा मिलिमीटर, आणि उभे काप काढून आडव्या दिशेची चकती आणि पट्टी दोन्ही त्यातूनच घ्या. पेलेट भट्टीत जायच्या आधीच प्रेसच्या दिशेची खूण कडेला करून ठेवा, कारण कापल्यावर कोणता तुकडा कसा होता हे ओळखता येत नाही.

सीबेक एका व्होल्टेजवरून काढू नका. तापमानाचा फरक २, ४, ६, ८ केल्विन असा बदलत व्होल्टेज घ्या, ग्राफ काढा, त्याचा उतार म्हणजे सीबेक, आणि त्यात वायरच्या स्वतःच्या सीबेकची चिन्हासकट दुरुस्ती करायची. रेझिस्टिव्हिटी फोर-प्रोबनेच, म्हणजे करंट आणि व्होल्टेजच्या वायर वेगळ्या ठेवून, दोन वायरवाल्या मल्टिमीटरने कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्सच मोजला जातो. सिल्व्हर पेस्ट लावलेली असली तर मोजायच्या आधी ती नीट भाजून घ्या.

ऑक्साईडसाठी खास काळजी म्हणजे मशीनच्या आतली हवा. बरीच मशीन्स हेलियम किंवा आर्गॉन भरून चालतात, आणि तिथे ७०० डिग्रीला तुमची पेलेट ऑक्सिजन सोडायला लागते, म्हणजे मोजता मोजता मटेरियल बदलून राहिलंय. म्हणून चढतानाही मोजा आणि उतरतानाही. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर ठीक, नाही बसल्या तर ते आकडे वापरू नका, तापमानाची मर्यादा कमी करा किंवा हवेत मोजायची सोय शोधा. लेझर फ्लॅशला चकतीवर ग्रॅफाईटचा स्प्रे मारतात, तिथेही हीच काळजी.

एररही लिहा. सीबेकमध्ये ५ टक्के एरर असेल तर वर्ग केल्यावर १० होतो, रेझिस्टिव्हिटीचा ५, थर्मल कंडक्टिव्हिटीचा १०, सगळे मिळून १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ०.१५ आणि ०.१६ मध्ये फरक आहे असं म्हणायची सोयच नाही. सच्छिद्र पेलेटचंही लक्षात असू द्या, भोकांमुळे थर्मल कंडक्टिव्हिटी कमी येते आणि पाहणाऱ्याला वाटतं वा, पण वीजही तेवढीच किंवा जास्तच अडते. डेन्सिटी दिल्याशिवाय थर्मल कंडक्टिव्हिटीचा आकडा कोणालाही देऊ नका.

पावसाळ्याआधी

तयार पेलेट उघड्यावर ठेवू नका. फेज जरा जास्त तापून फुटलेला असेल आणि आत मोकळा चुना राहिला असेल, तर मे महिन्यात दगडासारखी असलेली पेलेट जूनच्या दमट हवेत फुगते, कडा भुरभुरतात आणि एक दिवस चिमटीत धरली की तुकडे. अशी पेलेट दिसली की भट्टीचं तापमान आणि वजनाची वही पहिल्यांदा तपासा, तिने स्वतःच सांगितलंय की आत काय आहे. बाकीच्या झिप पाऊचमध्ये सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये, आणि पाऊचवर बॅच नंबर, सिंटरिंगचं तापमान, डेन्सिटी आणि प्रेसची दिशा.

पुढचा प्रयोग असा करा: एकच मोठी बॅच कॅल्सिन करा, ३० ग्रॅमची, तिचे तीन भाग करा, एक साध्या मफलमध्ये, एक जास्त प्रेशरने दाबून त्याच मफलमध्ये, आणि एक हॉट प्रेस किंवा एसपीएसला पाठवा. तिन्हींचे एक्सआरडी, डेन्सिटी, एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो) आणि मोजण्या एकाच दिशेने, एकाच मशीनवर. तिन्ही ओळी एका ग्राफवर आल्या की मग डोपंट ठरवायला बसा.